योर्दानमधलं घर आणि चौकोनी भोकांचा सॉकेट

आकडा आधीच सांगून टाकतो, लपवून लाज काही कमी होत नाही. ४,९५० युरो. भाडं १,६५०, डिपॉझिट ३,३००. पुण्याच्या बँकेने ९४ चा दर लावला, म्हणजे ४ लाख ६५ हजार ३०० रुपये, वर १,१८० शुल्क. ज्या घरासाठी हे दिले ते ॲम्स्टरडॅमच्या योर्दान भागात खरोखर आहे. फक्त ते भाड्याने द्यायचं नव्हतं.

मालकीण परदेशात, नवरा वारलेला, पैसे आले की किल्ली, आणखी दोघं रांगेत, ही गोष्ट तुम्हाला पाठ असेल. मलाही होती. ऑफिसात एका पोराला याच गोष्टीपासून सावध मीच केलं होतं! पण १ ऑक्टोबर २०२४ ला रुजू व्हायचं, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी, आणि दीड महिन्यात ४३ अर्जांना उत्तरं आली ३, तिन्ही नकार. एजंट म्हणायचे, उद्या घर बघायला या. उद्या? हिंजवडीहून?

त्यात बाईने डिपॉझिट बरोबर दोन महिन्यांचं मागितलं. १ जुलै २०२३ नंतरच्या करारांना तिथे मूळ भाड्याच्या दुपटीहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. हे मी वाचलं होतं, म्हणून उलट खूश झालो. ठगांनाही वाचता येतं.

आता ती जागा, जी आठवली की अजून झोप उडते. पैसे पाठवायच्या आदल्या रात्री बायको बॅग भरत होती. हॉलंडचे दोन गोल पिनांचे अडॅप्टर तिने लक्ष्मी रोडवरून आणले होते. ते हातात धरून ती माझ्या लॅपटॉपवरचा स्वयंपाकघराचा फोटो बघत म्हणाली, "अहो, इथे तर चौकोनी भोकं दिसतायत. आणि शेजारी बटणपण आहे." ओट्यावरच्या भिंतीत तीन चौकोनी भोकांचा, बटणवाला, चक्क इंग्लंडमधला सॉकेट! बटण बघून मला तर ते घर आपल्यासारखंच वाटलं होतं. मी काय म्हणालो? "जुनं घर आहे, जुनं वायरिंग असेल." फोटो ब्रिटनमधल्या कुठल्यातरी फ्लॅटचे होते आणि बायकोने चोर पकडून हातात दिला होता. मी सोडून दिला.

खात्याचा नंबरही ईएसने सुरू होत होता, म्हणजे स्पेनचा. डच खातं एनएलने सुरू होतं. बघा, नक्की बघा. पत्त्याची नोंदणी तीन महिन्यांनी करू, असं बाई म्हणाली होती. चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने ५ दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. नोंदणी नाही म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

पोचलो तेव्हा पाऊस. प्रत्येकी २३ किलोच्या बॅगा, झोपेला आलेली मुलगी. बेलच्या वर प्लास्टिकमध्ये घातलेला इंग्रजी कागद: हे घर भाड्याने नाही. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याने आमच्याकडे नाही, आधी बॅगांकडे पाहिलं. म्हणाला, यंदाचे तुम्ही तिसरे.

पोलिसांत गेलो. ऑनलाइन तक्रार करा म्हणाले. त्याला डिजिडी हवा, म्हणजे तिथल्या सरकारी साइटवरचं लॉगिन. डिजिडीला बीएसएन हवा, म्हणजे तिथला नागरिक सेवा क्रमांक. बीएसएनसाठी पालिकेत पत्ता हवा. पत्त्याचेच तर पैसे गेले! मग अपॉइंटमेंट, ९ दिवसांनी. तिथल्या माणसाने कॉफी दिली आणि विचारलं, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवले ना?" पैसे भारतातून स्पेनला गेले, आमच्या हद्दीत काय झालं? पुण्यात मेहुणा चौकीत गेला, तर गुन्हा युरोपात घडला, तिकडे सांगा. बँकेला पैसे परत मागवण्याचा निरोप पाठवायलाच ४ दिवस लागले. उत्तर एका ओळीचं: रक्कम खात्यात जमा झालेली आहे. अरे, ती जमा झाली हीच तर तक्रार आहे! स्पेनला पाठवलेल्या ईमेलांना आजतागायत पोच नाही. तीन देश, आणि माझी फाइल कोणाच्याच टेबलावर नाही.

काडास्टर नावाचं तिथलं नोंदणी कार्यालय आहे, आपल्या प्रॉपर्टी कार्डासारखं. मोजक्या युरोंत ऑनलाइन मालकाचं नाव कळतं. मी ४ लाख ६५ हजार दिले, ते मोजके युरो वाचवले. आणि पासपोर्टची प्रत नुसती पाठवू नका. डच सरकारचं कॉपीआयडी ॲप आहे, त्यात नंबर झाकून वर कारण लिहिता येतं. माझी प्रत कोणाकडे आहे, देव जाणे. त्या बाईने पाठवलेला पासपोर्टही माझ्यासारख्याच एखाद्याचा असणार.

पहिले काही आठवडे हॉटेलातच काढा, घर डोळ्यांनी बघा. महाग पडतं म्हणून मी ते टाळलं होतं. शेवटी ७ रात्री राहावंच लागलं, १८९ प्रमाणे १,३२३ युरो. पहिल्या रात्री बायकोने न बोलता अडॅप्टर काढला आणि भिंतीत लावला. बरोबर बसला.