साबळेच्या रेससाठी घेतलेलं पॅक, ३ स्टार

अविनाश साबळे, आपला ३००० मीटर स्टीपलचेसवाला (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत), त्याच्या जुन्या रेस बघायच्या म्हणून एका स्पोर्ट्स ॲपचं महिन्याचं पॅक घेतलं, नाव नाही घेत उगाच. पिक्चर एकदम क्लिअर, वॉटर जंपला पाय पाण्यात नेमका कुठे पडतो तेपण दिसतं. पण सर्च म्हणजे वैताग, 'स्टीपलचेस' टाकलं तर घोड्यांच्या शर्यती दाखवतंय राव! शेवटी बर्मिंगहॅम २०२२ ची कॉमनवेल्थ फायनल सापडली आणि ती तीनदा बघितली. तिकडे तीन केनियन, इकडे आपला बीडच्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा फौजी गडी एकटा, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात त्या तिघांतल्या किबिवोटला जवळजवळ गाठलंच होतं त्याने, ८:११.२० लागले, गोल्ड फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं. आणि पहिल्यांदा बघताना नेमकं तिथेच बफरिंग, डोकंच फिरलं. २०२३ ची हांगझोऊ एशियाडची रेस मात्र न अडकता चालली, ८:१९.५० मध्ये गोल्ड, मागे लांबपर्यंत कोणीच नाही. पॅरिस डायमंड लीगचा ८:०९.९१ वाला नॅशनल रेकॉर्ड अर्ध्या मिनिटाच्या क्लिपमध्ये उरकलाय, आठ मिनिटांची रेस पूर्ण टाकायला काय जातं? मराठी कॉमेंट्री नाहीच. पुढचा महिना रिन्यू करेन बहुतेक, बर्मिंगहॅमसाठी.