जुने हॉर्न स्पीकर सुधारायचेत: आधी क्रॉसओव्हर की आधी ड्रायव्हर?

ज्यांच्या घरी थ्री-वे हॉर्न स्पीकर आहेत, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना वेगवेगळा ड्रायव्हर (आवाज काढणारं युनिट) असलेले भोंग्याचे स्पीकर, आणि आवाजात पूर्वीची मजा राहिली नाही म्हणून काहीतरी बदलायचं डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहितोय. माझा एक जोड आणि खानापूरच्या मामांचा एक जोड असे दोन्ही उघडून झालेत, त्यात एक ट्विटर (वरचे सूर काढणारा ड्रायव्हर) जळालं पण, त्यामुळे जे सांगतोय ते हात भाजून सांगतोय. माझं मत आधीच सांगतो. पहिल्यांदा आहे तोच क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वाटून प्रत्येक ड्रायव्हरकडे पाठवणारा बोर्ड, नीट करा, ड्रायव्हरला नंतर हात लावा, आणि ड्रायव्हर बदललाच तर त्याच्या मागचा क्रॉसओव्हर पण बदलावा लागणार हे धरूनच खर्चाचा हिशोब करा.

आपल्या बेळगावात हॉर्न म्हटलं की कपिलेश्वर तलावाकडे जाणारी विसर्जनाची मिरवणूक आठवते, पण घरातल्या हॉर्नचं काम वेगळं आहे. साधा बुकशेल्फ स्पीकर 1 वॅटला 1 मीटरवर 87-88 डेसिबल देतो, पूर्ण हॉर्नवाला 104-105 पर्यंत जातो, म्हणजे तेवढ्याच आवाजाला साधारण पन्नासपट कमी पॉवर लागते. याचा फायदा सगळ्यांना माहीत आहे, पण दुसरी बाजू अशी की मागचं छोटंसं बिघाड पण हॉर्न लपवत नाही. साध्या स्पीकरमध्ये खपून गेलं असतं ते इथं सरळ कानावर येतंय.

आता मामांचा जोड. मागचं फळकूट काढलं तर स्क्रू गंजलेले, आत कोळिष्टकं, आणि बोर्डावर बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, त्यातल्या एकाचं बुडाचं रबर फुगून बाहेर आलेलं. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, चार महिने घरात कपडे वाळत नाहीत, तिथं लोखंडाला गंज चढणारच, पण कॅपॅसिटरचं दुखणं ओलाव्याचं नाही, वयाचं असतंय. आतला ओला कागद हळूहळू सुकतो, आकडा सरकतो आणि आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढत जातो. ट्विटरच्या वाटेत तो रोध बसला की वरचे सूर मागे पडतात, आणि आपण म्हणतो ट्विटर म्हातारं झालं. ट्विटर बिचारं ठणठणीत होतं! त्याच आकड्याचे पॉलिप्रॉपिलीनचे (प्लास्टिक फिल्मचे) घातले, सगळे जोड परत सोल्डर केले, हॉर्न आणि ड्रायव्हरच्या मधलं गॅस्केट सुकून भेगाळलेलं तेही बदललं. मग कुमार गंधर्व लावले, सुळेभावीचा माणूस म्हणून मामांच्या घरी पहिली तीच रेकॉर्ड लागते, आणि तानपुऱ्याची जवारी वेगळी सुटी ऐकू आली तेव्हा मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फिल्म कॅपॅसिटरचा ईएसआर फारच कमी, त्यामुळे इलेक्ट्रोलिटिक काढून ते घातल्यावर आवाज कधी कधी तिखट लागतो. मूळ डिझाईन करणाऱ्याने जुन्या कॅपॅसिटरचा रोध धरूनच हिशोब केलेला असतो. अशा वेळी अर्ध्या ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकून बघा, लगेच कॅपॅसिटरला शिव्या नकोत. आणि महागातले ऑडिओफाईल कॅपॅसिटर घेऊ का असं विचाराल तर मी नाही म्हणेन, आकडा बरोबर असलेला साधा पॉलिप्रॉपिलीन आणि उरलेल्या पैशात मोजमापाचा माईक.

ड्रायव्हरचं बघू. इथं पण दोन वाटा आहेत, नुसता डायफ्राम (आतला थरथरणारा पातळ पडदा) बदलणे किंवा अख्खं युनिट बदलणे. तुमच्या युनिटचा मूळ जातीचा डायफ्राम मिळत असेल तर पहिली वाट कधीही बरी, मॅग्नेटला काही झालेलं नसतं. खोलल्यावर मॅग्नेटच्या गॅपमध्ये (कॉइल बसते ती फट) लोखंडाचा कीस अडकलेला असेल तर चिकटपट्टीची घडी घालून ती गॅपमध्ये फिरवायची, कीस चिकटून येतो, फुंकर मारून येत नाही. अख्खं नवीन युनिट घ्यायचं तर टायटॅनियम दणकट पण वर कुठेतरी झणझणतं, ॲल्युमिनियम हलकं आणि कानाला मऊ पण नाजूक, फिनॉलिक मिडला, म्हणजे मधल्या सुरांना, चांगलं पण वर फार जात नाही. घरात ऐकायला मी ॲल्युमिनियम घेईन.

आता ट्विटर कसं जळालं ते सांगतो, कारण ड्रायव्हर विरुद्ध क्रॉसओव्हर हा सगळा प्रश्न त्यातच आहे. माझ्या स्पीकरात 8 ओहमचं ट्विटर, त्याच्या वाटेत 3.3 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, म्हणजे कटिंग (ज्याच्या खालचे सूर ट्विटरकडे कमी कमी जातात ती जागा) 6000 हर्ट्झला. मला जुन्या सामानात 16 ओहमचं एक छान ट्विटर मिळालं, बसत होतं, लावून टाकलं. कॅपॅसिटर तोच आणि ओहम दुप्पट झाले की कटिंग निम्म्यावर येतं, 3000 वर, आणि 6 डीबीचा उतार (एका सप्तकाला फक्त 6 डेसिबल कमी) म्हणजे त्याच्या खालचं पण बरंच आत जाणार. दोन दिवस आवाज भरलेला वाटला म्हणून मी खूश होतो, तिसऱ्या दिवशी ढोलताशाचं रेकॉर्डिंग जरा मोठ्याने लावलं आणि कॉइल गेली. कॅपॅसिटर निम्मा करायला पाहिजे होता, 1.65 च्या आसपास, एवढंच.

ऑटोट्रान्सफॉर्मर (वेगवेगळ्या ठिकाणी टॅप काढलेली, आवाज कमी-जास्त करणारी कॉइल) असलेल्या जुन्या नेटवर्कात, म्हणजे क्रॉसओव्हर बोर्डात, हे अजून गुंतागुंतीचं होतंय. तिथं मिडचा आवाज 3 डीबीने कमी करायला टॅप बदलला की क्रॉसओव्हरला दिसणारे ओहम दुप्पट होतात, 6 डीबीला चौपट, म्हणजे नुसती वायर या टॅपवरून त्या टॅपवर नेली तरी कटिंग सरकतं. एल-पॅडमध्ये (रेझिस्टरने आवाज कमी करणारी जोडणी) हा त्रास नाही कारण तो ओहम तेवढेच ठेवतो, पण नको असलेली पॉवर तो उष्णतेत घालवतो. 1946 पासून चालत आलेल्या क्लिपशहॉर्न या अमेरिकन हॉर्न स्पीकरच्या घराण्यात जुनी कटिंग 400 आणि 6000 ला, आणि टाईप एए नेटवर्कात तर ट्विटर वाचवायला जास्तीचा व्होल्टेज अडवणारे झेनर डायोड घातले होते. असं नेटवर्क हाताशी असेल तर ते तसंच जपा, नवीन प्रयोग दुसऱ्या बोर्डावर करा.

मंडपवाल्याकडचं युनिट लावू का, असं निपाणीचे दोघंतिघं विचारतात, कारण आटे जुळतात आणि स्वस्त पडतं. घोषणेसाठी बनवलेलं युनिट घोषणेलाच चांगलं, गाण्याला मी लावणार नाही. डीजेची 75 एमएम कॉइलची युनिट त्याहून बरी, पण त्यांचा घसा (हॉर्नला जुळणारं तोंड) 1.4 किंवा 2 इंचाचा, म्हणजे हॉर्नच बदलावा लागतो, मग ते अपग्रेड राहत नाही, नवीन स्पीकरच होतो.

तिसरी वाट डीएसपी (सुरांचं वाटप डिजिटल हिशोबाने करणारी पेटी) आणि प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा ॲम्प. आवाजाच्या दृष्टीने हीच सगळ्यात वरची, हे मान्य करायला पाहिजे. घडीच्या बास हॉर्नमधून आवाज बाहेर यायला वाट लांब असते, दर मीटरला जवळपास 3 मिलीसेकंद उशीर, तो उशीर डीएसपी दुरुस्त करतो, साधा क्रॉसओव्हर करू शकत नाही. पण थ्री-वे जोडाला सहा चॅनल लागतात, ॲम्पची सूंऽऽ हॉर्नमधून शांत खोलीत ऐकू येते, आणि आपल्याकडे पावसात लाईट जाते-येते त्या झटक्याला ॲम्पने धप्प केलं तर ट्विटर थेट मार खातं. म्हणून ट्विटरच्या सिरीजमध्ये 20 मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर ठेवाच, 8 ओहमला तो 1000 हर्ट्झच्या आसपास काम करतो, 6000 च्या कटिंगला आड येत नाही. शहापूर-टिळकवाडीत इन्व्हर्टरवर ऐकणाऱ्यांना ही वाट जमेल, मामांना मी नाही सांगितली.

मग कुणी काय करावं? कॅपॅसिटर पंधरा-वीस वर्षांचे असतील तर आधी तेच, डोळे झाकून. त्यानंतर पण मिड चिरका लागत असेल तर डायफ्राम. ट्विटर किंवा मिड दुसऱ्या जातीचं घालायचंच असेल तर ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (1 वॅटला किती डेसिबल) दोन्ही कागदावर लिहून नेटवर्क नव्याने काढून घ्या. आणि जुनी वायर सोडवण्याआधी प्लस-मायनसचा मोबाईलवर फोटो काढा. 12 डीबीच्या (सप्तकाला 12 डेसिबल उताराच्या) नेटवर्कात ट्विटर बऱ्याचदा मुद्दाम उलटं जोडलेलं असतंय, ते चूक समजून तुम्ही सरळ केलंत तर कटिंगच्या जागी आवाजात खड्डा पडतो आणि मग महिनाभर नवीन कॅपॅसिटरवर संशय घेत बसाल.