सायबर सुरक्षेची स्वतंत्र पदवी की संगणक अभियांत्रिकी? बारावीनंतरच्या वाटा समोरासमोर

बारावी विज्ञानानंतर सायबर सुरक्षेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर महाराष्ट्रात आज साधारणपणे चार वाटा असतात. पहिली वाट म्हणजे ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग (सायबर सिक्युरिटी)’ ही चार वर्षांची बी.टेक.; दुसरी, नेहमीची संगणक अभियांत्रिकी आणि तिच्या जोडीला सायबर सुरक्षेतील ऑनर्स, म्हणजे त्या विषयातील जास्तीचे श्रेयांक; तिसरी, बी.एस्सी. किंवा बीसीए, आणि चौथी, न्यायसहायक विज्ञानातून (फॉरेन्सिक सायन्स) डिजिटल पुराव्यांच्या तपासणीकडे जाणारी. प्रवेशाच्या हंगामात पालकांच्या शंकांना उत्तरे देण्याच्या टेबलावर मी काही वर्षे बसत आलो आहे आणि तेथे सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘स्कोप कशाला आहे?’ हाच असतो. पहिल्या चार सत्रांत नेमके काय शिकवले जाते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हायला हवा. माझा कल आधीच सांगून टाकतो: दोन्ही शाखा एकाच महाविद्यालयात मिळत असतील, तर संगणक अभियांत्रिकी अधिक ऑनर्स हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. या मताला अपवाद आहेत आणि ते पुढे येतीलच.

या मतामागचे कारण एका लहानशा उदाहरणातून स्पष्ट होईल. वसईत घरोघर आढळणारे डि’सोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना मध्ये एक अपॉस्ट्रॉफी येते. एका संस्थेच्या ऑनलाइन अर्जात हे आडनाव भरून ‘पुढे’ हे बटण दाबले की पान कोरे पडत असे, आणि खिडकीपलीकडचे लिपिक ‘ते चिन्ह काढून टाका, म्हणजे अर्ज जाईल’ असा सल्ला देत. अर्ज जातही असे. पण घडत होते ते असे: डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या आज्ञेत मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे दाखवण्यासाठी तेच चिन्ह वापरतात, त्यामुळे आडनावातील चिन्हापाशी मजकूर संपला असे यंत्र समजत होते आणि उरलेली अक्षरे आज्ञा म्हणून वाचू पाहत होते. याचाच दुसरा अर्थ असा की त्या रकान्यात नावाऐवजी हेतुपुरस्सर आज्ञाच लिहिणारा माणूस संपूर्ण अर्जसंच वाचू किंवा पुसू शकला असता. या दोषाला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. केवळ साधने चालवायला शिकलेला विद्यार्थी दोष शोधणारे स्कॅनर सॉफ्टवेअर लावून अहवालात लाल अक्षरांत ‘धोका: उच्च’ असे मिळवतो, डेटाबेस हा विषय नीट शिकलेला विद्यार्थी मात्र आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवावी, म्हणजे पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरावी, हे प्रोग्रामरशेजारी बसून दुरुस्त करून देतो. नोकरीत पहिल्याच्या अहवालाचे पुढे काय करायचे, हे ठरवण्यासाठी दुसरा लागतोच.

आता पहिल्या दोन वाटा शेजारी ठेवून पाहू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने उदयोन्मुख क्षेत्रांना उत्तेजन देण्याचे धोरण ठेवल्यानंतर सायबर सुरक्षेच्या शाखा राज्यभर झपाट्याने निघाल्या. चांगल्या ठिकाणी या शाखेत डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, संगणक जाळी, डेटाबेस आणि संगणक रचना हे पायाभूत विषय अबाधित ठेवून तिसऱ्या वर्षापासून कूटशास्त्र (क्रिप्टोग्राफी), नेटवर्क सुरक्षा, मालवेअर म्हणजे घातक सॉफ्टवेअरचे विश्लेषण, डिजिटल फॉरेन्सिक्स आणि सायबर कायदे असे विषय येतात. असा अभ्यासक्रम आणि तो शिकवणारी माणसे असतील, तर या शाखेत मला काहीही वावगे दिसत नाही. उलट ज्याचे मन या विषयावर खरोखर बसले आहे, त्याला दोन वर्षे जास्तीचा सराव मिळतो. अडचण तेथे येते, जेथे नव्या विषयांना जागा करून देण्यासाठी थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर किंवा गणिताचा एखादा विषय वगळला जातो आणि त्या जागी सॉफ्टवेअर साधनांची ओळख करून देणारा, चार वर्षांनी जुना होणारा विषय येतो. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज, सायबर सुरक्षा आणि ब्लॉकचेन’ अशा तिन्ही नावांची एकत्रित शाखाही प्रवेशयादीत दिसते. तिच्याविषयी मी जास्तच सावध असतो, कारण तीन विषयांची तोंडओळख होऊन एकही हाती न लागण्याची शक्यता तेथे खरी आहे.

संगणक अभियांत्रिकीत ऑनर्स घ्यायचे म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षापासून नेहमीच्या अभ्यासक्रमावर साधारणपणे १८ ते २० श्रेयांक जास्तीचे पूर्ण करायचे. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ही व्याख्याने पुष्कळदा संध्याकाळी किंवा शनिवारी ठेवलेली असतात, आणि पाचवे सत्र, प्रकल्प व कॅम्पस मुलाखती एकत्र आल्या की बरेच विद्यार्थी मध्येच हात टेकतात. तरीही या वाटेचा मोठा फायदा असा की अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी बदलता येतो. ज्याला पुढे क्लाउड, डेटा किंवा साधे सॉफ्टवेअर आवडू लागते, त्याची पदवी त्याला अडवत नाही.

पदवीच्या प्रमाणपत्रावरचे नाव ही बाब क्षुल्लक वाटते, पण ती तशी नाही. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या माहिती तंत्रज्ञान अधिकारी पदासाठी किंवा शासकीय भरतीसाठी जाहिरातीत शाखांची नावे दिलेली असतात आणि अर्ज तपासणारा माणूस तीच नावे शोधतो. ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग’ हे मूळ नाव पुढे आणि सायबर सिक्युरिटी कंसात असेल, तर सहसा अडचण येत नाही. खासगी विद्यापीठांनी स्वतः घडवलेल्या पदवीनामांबाबत ही खात्री प्रवेशापूर्वीच लेखी करून घ्यावी. एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेतही सायबर सुरक्षेची वेगळी प्रश्नपत्रिका नाही. विद्यार्थ्याला बहुधा संगणकशास्त्राचीच प्रश्नपत्रिका सोडवावी लागते, आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन व कंपायलर तेथे विचारले जातात.

पैशाच्या बाजूने पाहता एक मुद्दा घरी बसून तपासण्याजोगा आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला लागू होते आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. सायबर सुरक्षेच्या आकर्षक माहितीपुस्तिका काढण्यात नेमकी हीच विद्यापीठे पुढे असल्यामुळे, पात्र मुलीच्या घरी हा हिशेब शाखेच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पदवीनंतरचे काम कसे असते, हे पाहिल्याशिवाय मात्र तुलना अपुरी राहील. नवख्याला पहिली नोकरी बहुधा सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या यंत्रणांवर अखंड नजर ठेवणाऱ्या केंद्रात, मिळते. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतील एखाद्या मजल्यावर तीन पाळ्यांत चालणारे हे काम असते. पहाटे तीन वाजता पडद्यावर सूचना येते, की लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याने नागपुरातून लॉगिन केले आणि २० मिनिटांनी तेच खाते युरोपातून उघडले गेले. हा ‘अशक्य प्रवास’ बहुतेक वेळा व्हीपीएनमुळे, म्हणजे इंटरनेट जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून वळवणाऱ्या सेवेमुळे, दिसतो, पण शंभरातील एखादा खरा असतो, आणि तो कोणता हे नोंदी वाचून ठरवायचे असते. हे काम संयमाचे, काहीसे कंटाळवाणे आणि बारकाईचे आहे. काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांची ओढ लागून आलेला मुलगा तेथे सहा महिन्यांत कंटाळतो, असे मी पाहिले आहे.

या मनुष्यबळाला मागणी का आहे, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला, तेव्हा एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचऐवजी हल्लेखोरांनी उभी केलेली बनावट व्यवस्थाच मंजुरी देऊ लागली, २८ देशांतून रोकड काढली गेली आणि स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेमार्गे हाँगकाँगला रक्कम वळवली गेली; एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे होते. रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जून २०१६ मध्येच आखून दिली होती, नागरी सहकारी बँकांसाठीची चौकट ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. म्हणजे नोकऱ्या आहेत त्या नियमांमुळे आहेत आणि त्या टिकणाऱ्या आहेत. परंतु कॉसमॉससारखी घटना समजून घ्यायला लागते ते जाळी, ऑपरेटिंग सिस्टिम आणि बँकांच्या संदेशवहनाचे ज्ञान, आणि ते दोन्ही शाखांच्या पायाभूत विषयांतूनच येते.

तिसरी वाट खर्चाने हलकी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. (सायबर अँड डिजिटल सायन्स) किंवा बीसीए ही पदवी तीन वर्षांत पूर्ण होते. बीसीएसाठी २०२४ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. ज्याचे घर लवकर कमाईची वाट पाहत आहे किंवा ज्याचा बारावीचा गणिताचा अनुभव सुखद नाही, त्याने ही वाट कमी प्रतीची समजू नये. ऑपरेशन्स सेंटरमधील पहिल्या पायरीच्या कामाला बी.एस्सी. झालेली मुलेही घेतली जातात आणि चांगली टिकतात. मर्यादा पुढे जाणवतात. बँकांच्या माहिती तंत्रज्ञान अधिकारी पदासाठी चार वर्षांची अभियांत्रिकी, पदव्युत्तर पदवी किंवा पदवीसोबत डोएक (आताची नायलिट) या केंद्रीय संस्थेची ‘बी’ पातळीची परीक्षा लागते. सी-डॅकच्या सुमारे सहा महिन्यांच्या डिटिस या नावाजलेल्या अभ्यासक्रमाच्या पात्रता अटीही अभियंते आणि पदव्युत्तर पदवीधर यांना समोर ठेवूनच लिहिलेल्या असतात. आणि अमेरिकेतील बरीच विद्यापीठे एकूण १६ वर्षांचे शिक्षण अपेक्षित धरतात. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने एमसीए, एम.एस्सी. किंवा नव्या शैक्षणिक धोरणातील चौथे वर्ष धरूनच हिशेब करावा, आणि तसा तो केला की बी.टेक.पेक्षा वाचणारा वेळ उरत नाही, हेही मान्य करावे.

चौथी वाट नावाने जवळची असली, तरी तिचा व्यवसाय वेगळा आहे. छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबई येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत; गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे एक संकुल गोव्यात फोंड्याला आहे. येथे लक्ष असते ते पुरावा न्यायालयात टिकण्यावर. जप्त केलेली हार्ड डिस्क थेट संगणकाला न जोडता राइट ब्लॉकरमधून, म्हणजे तिच्यावर काहीही लिहिले जाऊ न देणाऱ्या उपकरणातून, जोडायची, तिची तंतोतंत प्रत घ्यायची, मूळ डिस्क आणि प्रत यांचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, जुळते का ते पाहायचे आणि प्रत्येक हस्तांतराची नोंद ठेवायची, असे हे काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नोंदवावे लागते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ ने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. कायद्याची आवड, सरकारी प्रयोगशाळेत काम करण्याची तयारी आणि भरतीची वाट पाहण्याइतका धीर असेल, तर ही वाट सर्वांत समाधानाची ठरू शकते. बहुराष्ट्रीय कंपनीतील पगार डोळ्यांसमोर असेल, तर मात्र नाही.

खासगी प्रमाणपत्रांच्या जाहिरातींचा मारा या चारही वाटांवर होतो. सिक्युरिटी प्लस हे पायाभूत प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षापर्यंत स्वतःच्या अभ्यासाने मिळवण्याजोगे आहे. ओएससीपीची परीक्षा जवळजवळ २४ तास प्रत्यक्ष यंत्रे भेदण्याची असते, म्हणून मुलाखतीत तिचे वजन पडते; पण ती महाग आहे आणि पाया कच्चा असताना तिची घाई करण्यात अर्थ नाही. सीआयएसएसपी या अनुभवी व्यावसायिकांच्या प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे ‘पदवीबरोबरच सीआयएसएसपी’ असे सांगणारा क्लास दिसला तर तेथून उठावे. आणखी एक गोष्ट घरी स्पष्ट बोलून घ्यावी: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणे बेकायदा आहे, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरतो; ‘सराव करत होतो’ या सबबीवर विसंबू नये.

महाविद्यालयात चौकशीला गेल्यावर माहितीपुस्तिका बाजूला ठेवून प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगावे. महाविद्यालयाच्या मुख्य जाळ्यापासून वेगळे ठेवलेले, हल्ल्याच्या सरावासाठीचे जाळे तेथे आहे का, कूटशास्त्र शिकवणारे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावरील, आणि या शाखेच्या किती तुकड्या बाहेर पडल्या, हे तीन प्रश्न पुरेसे होतात. एकही तुकडी बाहेर पडली नसेल, तर दाखवले जाणारे नोकऱ्यांचे आकडे दुसऱ्या शाखांचे आहेत, हे लगेच कळते. एका ठिकाणी मला ‘सायबर लॅब’ म्हणून जी खोली दाखवली गेली, तिच्या दारावरची पाटी नवी होती आणि आतल्या प्रत्येक संगणकावर ‘डीबीएमएस लॅब’ असे जुने स्टिकर होते.

विकल्प अर्ज भरताना क्रम लावायचा झाल्यास मी पुढीलप्रमाणे लावेन. नामांकित महाविद्यालयातील संगणक अभियांत्रिकी सर्वांत वर. त्यानंतर त्याच दर्जाच्या महाविद्यालयातील सायबर सुरक्षा किंवा माहिती तंत्रज्ञान, आणि या दोहोंत पहिले कोणते ते प्रयोगशाळा पाहून. त्याखाली मध्यम महाविद्यालयातील संगणक अभियांत्रिकी, आणि तिच्याही खाली तेथील सायबर सुरक्षा. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती स्वीकारावीच लागते आणि पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात, म्हणून पहिल्या ओळीत ‘बघू मिळते का’ म्हणून काहीही लिहू नये.