‘चान्स रिपोर्ट’: टक्केवारी सोडून बाकीचे वाचावे

अमेरिकेतील अतिनिवडक विद्यापीठांमध्ये आपल्या पाल्याला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हे सांगणारा अहवाल पुण्यातील काही परदेशी शिक्षण सल्लागार आता स्वतंत्र सेवा म्हणून विकू लागले आहेत. बारावी विज्ञानात शिकणाऱ्या मुलीसाठी आम्ही असा एक अहवाल घेतला. शुल्क 18,000 रुपये आणि वर जीएसटी. संस्थेचे नाव देत नाही, कारण माझा आक्षेप अहवाल बनवण्याच्या पद्धतीवर आहे.

अहवालात 10 विद्यापीठे आहेत आणि प्रत्येकापुढे दशांश चिन्हासह टक्केवारी आहे. पत्रिकेतले 36 पैकी गुण सांगावेत तितक्या निःशंकपणे हे आकडे छापलेले आहेत. हार्वर्डचेच उदाहरण घेऊ. 2024 साली प्रवेश घेणाऱ्या तुकडीसाठी तेथे 54,008 अर्ज आले आणि 1,937 जणांची निवड झाली, म्हणजे जेमतेम 3.6 टक्के. अहवालाने हा आकडा पायाभूत धरला, त्यात दहावीचे गुण, सॅटचे (अमेरिकी विद्यापीठांसाठीच्या प्रवेशपरीक्षेचे) गुण व ऑलिम्पियाडची भर घातली आणि आमच्या मुलीची शक्यता 14.6 टक्के ठरवली. परंतु 3.6 टक्के ही सर्वांची मिळून काढलेली सरासरी आहे. विद्यापीठाच्या संघासाठी हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले यांचा निवडीचा दर इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे प्रवेशात वंश विचारात घेण्याविरुद्ध हार्वर्डवर झालेल्या ज्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला, त्यातील कागदपत्रांवरून जगजाहीर झाले आहे. भारतातून अर्ज करणाऱ्या मुलीला ती सरासरी लावण्यात अर्थ नाही.

त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट नोंदली गेली. 2015 साली प्रवेश घेणाऱ्या तुकडीसाठी अमेरिकेतूनच सुमारे 26,000 अर्ज होते. त्यांपैकी सुमारे 3,500 जणांना सॅटच्या गणितात आणि 2,700 जणांना भाषेच्या भागात पैकीच्या पैकी गुण होते, तर 8,000हून अधिक जणांची शालेय गुणसरासरी परिपूर्ण होती. जागा मात्र दोन हजारांच्या आतच. उत्तम गुणांमुळे अर्ज गांभीर्याने वाचला जातो. पुढची निवड निबंध, शिफारसपत्रे आणि त्या वर्षी तुकडीत कोण हवे आहे यांवर ठरते. अहवालाचे सूत्र यांपैकी एकही गोष्ट मोजू शकत नाही, तरीही ते उत्तर देते.

सर्वांत घातक पान शेवटचे आहे. प्रत्येक ठिकाणी साधारण 15 टक्के शक्यता धरली, तर दहापैकी किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता 80 टक्के, असे तेथे ठळक अक्षरांत लिहिले आहे. गुणाकार बरोबर आहे, पण तो नाणेफेकीसारख्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या घटनांना लागू पडतो. येथे दहाही ठिकाणी जाणारी फाइल एकच आहे. शिफारसपत्र कोरडे असेल, तर ते दहाही ठिकाणी कोरडेच वाचले जाणार. हे पान वाचून आमच्या घरात दोन दिवस निष्कारण आनंदीआनंद होता. (आकडा धीर खचू नये इतका मोठा आणि सल्लागाराचे पूर्ण पॅकेज घेण्याची गरज वाटावी इतका लहान असतो, हा योगायोग नसावा.)

कुटुंब किती खर्च पेलू शकते, हा प्रश्न प्रश्नावलीत कुठेच नव्हता. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता निवड करतात. डार्टमथ 2022 पासून त्यांत सामील झाले. स्टॅनफर्डसह बाकी अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की ती मागणीच निवडीत विचारात घेतली जाते. हा प्रश्न न विचारता काढलेल्या टक्केवारीला काय किंमत द्यायची?

असे असूनही पैसे पूर्ण वाया गेले असे म्हणणार नाही. अहवालासोबत एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंची तासाभराची बैठक मिळते आणि ती खरोखर मोलाची आहे. त्यांनी टक्केवारीचे पान उघडलेच नाही. अमेरिकेत नववी ते बारावी अशी चारही वर्षे पाहिली जातात. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते, म्हणून गुणपत्रके दोन संस्थांकडून जमवावी लागतात, आणि जेईई-सीईटीच्या धांदलीत अकरावीकडे झालेले दुर्लक्ष तेथे उघडे पडते, हे त्यांनी नीट समजावले. इंटिग्रेटेड कॉलेजात मुले क्लासमध्येच बसतात, त्यामुळे कॉलेजच्या शिक्षकांना त्यांचे नावही धड ठाऊक नसते. अशा वेळी शिफारसपत्र कोण लिहिणार, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. कॉमन अ‍ॅपच्या (अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाच्या) नमुन्यात 10 उपक्रम मावतात व प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरांची मर्यादा असते. आमच्या यादीतील चार प्रमाणपत्रे त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकली आणि मुलगी ज्या गोष्टीचा उल्लेखही करायला तयार नव्हती, ते धाकट्या चुलतभावांना रोज शिकवण्याचे काम वर आणले.

शक्यतेचा अंदाज हवा असेल, तर बहुतेक विद्यापीठे दरवर्षी प्रसिद्ध करतात तो ‘कॉमन डेटा सेट’ फुकट मिळतो. त्याच्या सी-7 विभागात कोणत्या निकषाला किती महत्त्व हे तक्त्यात दिलेले असते. अहवालाने ‘विद्यापीठाशी संपर्कात राहण्या’साठी गुण धरले होते, पण हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड यांच्या तक्त्यांत तो निकष विचारात घेत नाही असे लिहिलेले आहे. सी-9 मध्ये सॅटच्या गुणांचा मधला पट्टा, म्हणजे प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे गुण, असतो. मुलीच्या गणितातील 800 पैकी 760 गुणांना अहवालाने हिरवा रंग दिला होता, पण एमआयटीत तो पट्टाच 780च्या आसपास सुरू होतो.

संस्थेकडे चौकशी केली, तेव्हा केवळ बैठकीचे शुल्क वेगळे भरता येते असे कळले. माहितीपत्रकात ते छापलेले नाही, मागावे लागते. अकरावी सुरू होतानाच ती बैठक घ्यावी, कारण बारावीच्या दिवाळीत शिफारसपत्र लिहिणारा शिक्षक शोधणे फार कठीण जाते.