म्हापशात जीपचा मागचा एक्सल रंगवून घेताना: काळा रंग उत्तम, खुणा जास्तच नीटनेटक्या

विलीज किंवा महिंद्रा सीजे-३बी या जुन्या जीपचा मागचा एक्सल कारखान्यातून निघाला तसा करून हवा असेल, तर म्हापशाच्या करासवाडा भागातली एक छोटी वर्कशॉप रंगकामाला चांगली आहे. खुणांचं, म्हणजे कारखान्यातले तपासनीस एक्सलवर मारत त्या रंगाच्या रेघा-पट्ट्यांचं काम मात्र गाडीच्या मालकाने स्वतः समोर उभं राहून करून घ्यावं.

आधी चांगलं सांगतो. सँडब्लास्टिंगपूर्वी (वाळूच्या माऱ्याने जुना रंग-गंज काढण्याआधी) दोन्ही नळ्यांची तोंडं, पिनियनची (प्रोपेलर शाफ्टला जोडलेल्या लहान गिअरची) बाजू आणि कव्हरची जागा पक्की बंद करतात. हे न केल्यास वाळू आत जाते आणि बेअरिंगचं वाटोळं होतं. ब्लास्ट झालेलं हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) त्याच दिवशी प्रायमरखाली जातं. गोव्यातल्या पावसाळी हवेत उघडं लोखंड काही तासांत तांबूस होतं, त्यामुळे ‘उद्या प्रायमर मारू’ म्हणणाऱ्याकडे काम देऊच नये. वरचा काळा अर्धचमकीचा आहे आणि थर पातळ आहे, ओतीव आकडे स्पष्ट वाचता येतात. पावडर कोटिंगचा (भट्टीत भाजून बसवलेल्या पावडरीच्या रंगाचा) आग्रह धरत नाहीत, हेही बरं. तो जाड थर अक्षरं बुजवतो आणि भट्टीची उष्णता आतल्या सीलना सोसत नाही.

आता तक्रारी. ब्रेकची मागची प्लेट जिथे बसते तो फ्लँज (नळीच्या टोकाची चपटी कडा) त्यांनी सरसकट रंगवला होता. या डाना ४४ प्रकारच्या एक्सलमध्ये बेअरिंगची ढिलाई तिथल्या शिम्सनी, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी ठरते, हिशोब इंचाच्या हजाराव्या भागात असतो. रंग दाबून बसला की ढिलाई बदलते. एक्सलवर स्प्रिंगच्या पाट्या जिथे बसतात त्या बैठकीचंही तसंच आहे, तिथे रंग चेपला की यू-बोल्ट सैल होतात. दोन्ही जागा कोऱ्या ठेवायला लेखी सांगा. ब्रीदरवर, म्हणजे हौसिंगमधली हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोंडावर, रंगाचा पडदा राहिला तर गरम झालेल्या हौसिंगमध्ये दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येतं. मग लोक सीलला शिव्या देतात. ब्रीदर काढून वेगळा साफ करून घ्या.

खुणांकडे येऊ. त्या काळी तपासनीस नट आवळून झाल्यावर त्यावर रंगाचा फराटा मारत, आणि योग्य दातांच्या गिअरचा एक्सल ओळखायला नळीवर पट्टा ओढत. काम घाईचं, रंग ओघळलेला, कडा वेड्यावाकड्या. इथे पेंट मार्करने पट्टीवर आखल्यासारखी रेघ मिळते, अगदी सरळ. ती लगेच खोटी दिसते. थोडा पातळ केलेला इनॅमल अर्ध्या इंचाच्या चपट्या ब्रशने एका हातात मारला तर बरोबर बसतो. फराटा नट आणि यॉक (नटाखालचा, प्रोपेलर शाफ्ट जोडायचा तुकडा) दोन्हींवर गेला पाहिजे. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, त्याचा उपयोग तोच.

कोणती खूण कुठे मारायची, हे मात्र जुनी गाडीच सांगते. एक्सल वर्कशॉपमध्ये देण्याआधी लाकडी पट्टीने घट्ट ग्रीस खरवडा, मऊ ब्रशने रॉकेल लावा. थिनर आणि प्रेशर वॉशर नको, दोन्ही खूण घेऊन जातात. सापडलेल्या प्रत्येक डागाचा मोजपट्टीसह फोटो काढा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून आकार उतरवा. गोव्यात एक घोळ हमखास होतो: लाल जांभ्याची माती ग्रीसमध्ये मुरून थेट रेड ऑक्साइडसारखी (तांबड्या प्रायमरसारखी) दिसते, विशेषतः डिचोली-सांगेकडे राबलेल्या गाडीवर. रॉकेलने ग्रीस सुटल्यावर ओल्या फडक्याने घासा. माती निघून येते, प्रायमर धातूला चिकटून राहतो. जे सापडलं नाही ते कल्पनेने रंगवू नका.

कव्हरच्या १० बोल्टपैकी एखाद्याखाली धातूची पट्टी असल्यास ती रंगाआधी काढून जपा. तिच्यावर आतल्या गिअरच्या दातांची संख्या असते. सीजे-३बीचं मूळ प्रमाण ५.३८, म्हणजे ४३ आणि ८ दात. पट्टी आणि आतले गिअर जुळतात का ते पाहायला गाडी जॅकवर घ्या, एक चाक धरून ठेवा आणि दुसरं दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्ट पाच फेऱ्यांहून थोडा जास्त फिरला पाहिजे. तसं नसेल तर कधीतरी गिअर बदलले आहेत, पट्टी दुसऱ्याच कामाची आहे.