रोज सकाळी तीन मिनिटे जुनी कविता: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जून महिन्यात मी जुन्या मराठी कवितांचे रोजचे वाचन ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपची वर्षभराची वर्गणी भरली. पुढे तक्रारीही मांडायच्या असल्याने त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. रोज पहाटे तीन-चार मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण येते. आधी कवीविषयी दोन वाक्ये आणि मग एखादी कविता किंवा मोठ्या रचनेतला वेचा. माझी कणीक मळून होते तेवढ्यात ते संपते, त्यामुळे नऊ महिन्यांत फार तर पंधरा-वीस दिवस चुकले असतील.

शाळेत मी वृत्ते पाठ केली, गण पाडले, गुण मिळवले आणि सारे विसरले. मोरोपंतांच्या ‘केकावली’तली ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो’ ही ओळ आम्ही प्रार्थनेच्या वेळी एका दमात, शर्यत लावल्यासारखी म्हणत असू. येथील वाचिका ‘घडो’पाशी जेमतेम अर्धा श्वास थांबते. पृथ्वी वृत्तात सतरा अक्षरे असतात आणि आठव्या अक्षरावर यती, म्हणजे ओळीतला थांबा, येतो, हा नियम मला तोंडपाठ होता. पण तो यती कशासाठी असतो हे त्या अर्ध्या श्वासाने प्रथम कळले. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीला बाबूजी नाईकांकडे पुराण सांगत असत. समोर बसलेल्या श्रोत्यांची सवय असलेल्या माणसाची ही रचना मी इतकी वर्षे केवळ डोळ्यांनी वाचत आले होते.

याहून अधिक शिकवले ते केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या १९०१ सालच्या सुनीताने, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेने, कारण ते दोन वेगवेगळ्या वाचकांच्या आवाजात ऐकायला मिळाले. पहिली ओळ ‘आम्ही असू लाडके’ अशी संपते आणि ‘देवाचे’ हा शब्द पुढच्या ओळीच्या तोंडाशी येतो. पहिला वाचक ओळीच्या शेवटी नीट थांबला, त्यामुळे ‘लाडके’ अधांतरी राहिले आणि कोणाचे लाडके हा प्रश्न कानात लोंबकळत राहिला. दुसऱ्याने ‘लाडके’वर आवाज खाली न आणता तो तसाच पुढे नेला, ‘देवाचे’पर्यंत पोहोचवला आणि मगच विसावा घेतला; त्या एका उडीत कवीची सगळी ऐट ऐकू आली. मी हे दुसरे वाचन निदान दहा वेळा ऐकले असेल. पहिले चुकीचे आहे असेही मी म्हणणार नाही, कारण शार्दूलविक्रीडित या तिच्या वृत्ताची चाल त्यात अधिक स्पष्ट उमटते.

आता तक्रारी. बालकवींची ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता सावकाश वाचली तरी मिनिटभरात संपते. तिच्यातल्या ‘निळासावळा झरा वाहतो’ या शब्दांखाली निर्मात्यांनी खळखळत्या पाण्याचा आवाज घातला आहे आणि वर बासरी. शब्दांनी वाहता केलेला झरा पुन्हा नळ सोडून दाखवण्याची गरज काय होती, हे मला आजतागायत समजलेले नाही. शिवाय ‘असला औदुंबर’ हे शेवटचे शब्द विरायच्या आत अ‍ॅपची धून वाजते. संगीत बंद करण्याची सोय द्यावी असे मी दोनदा कळवले. दोन्ही वेळा आभाराचे एकच ठराविक उत्तर आले.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. आईचे माहेर खानदेशातल्या यावल तालुक्यातले, त्यामुळे बहिणाबाईंची ती बोली आमच्या घरात अजून टिकून आहे. अ‍ॅपमधल्या वाचिकेने ‘माझी माय सरसोती, माले शिकवते बोली’ ही ओळ ‘माझी माय सरस्वती, मला शिकवते बोली’ अशी स्वच्छ प्रमाणभाषेत वाचली. अक्षरे मोजली तर दोन्हीकडे आठ-आठच भरतात, म्हणून छंदात कोठे अडखळल्यासारखे होत नाही, आणि ज्याला मूळ ओळ ठाऊक नाही त्याला काही बदलल्याची शंकाही येणार नाही. आई मात्र भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, “ही तर शाळेत गेलेली बहिणाबाई झाली.” अक्षरओळख नसलेल्या या बाईच्या ओव्या घरच्यांनी ऐकून लिहून ठेवल्या, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक होऊ शकले, निदान त्यांच्याबाबतीत तरी ऐकवणाऱ्याने बोलीचा मान राखायला हवा होता.

निवड बरीचशी पाठ्यपुस्तकी आहे. नऊ महिन्यांत पसायदान चार वेळा येऊन गेले, वामनपंडित एकदाच आले आणि आद्य मराठी कवयित्री महदंबेच्या धवळ्यांचा, म्हणजे तिच्या विवाहगीतांचा, अद्याप पत्ता नाही. मोठ्या कवितांचे तुकडे करून त्या दोन-तीन दिवसांत वाटून देण्याची पद्धतही मला पटत नाही. ‘तुतारी’ सोमवारी फुंकायला घेऊन बुधवारी संपवणे हे विचित्रच आहे. अशा वेळी मी सगळे भाग उतरवून ठेवते आणि रविवारी सलग ऐकते. उतरवलेले भाग इंटरनेटशिवाय चालतात आणि जागा फारशी अडवत नाहीत. वेग वाढवून ऐकण्याची सोय आहे, पण तिच्या वाटेला जाऊ नये. सव्वापट वेगात सर्वांत आधी यती नाहीसा होतो.

वर्गणी जूनमध्ये संपेल आणि मी ती पुन्हा भरणार आहे, मुख्यतः त्या दुसऱ्या वाचकासाठी. बहिणाबाईंच्या ओव्या मात्र मी आईच्या आवाजात फोनवर मुद्रित करायला घेतल्या आहेत. आतापर्यंत सहा झाल्या असून त्यांतल्या दोन ओव्यांमागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.