दांडिया बाजारातील सीआरझेड सल्लासेवा : एक अनुभव

बडोद्यात राहून कोकणातील वडिलोपार्जित जागेवर घर बांधू पाहणाऱ्यांनी दांडिया बाजारातील या लहानशा सल्ला कार्यालयाची सेवा जरूर घ्यावी. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 2019 च्या अधिसूचनेनुसार 300 चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला स्थानिक संस्थाच मंजुरी देऊ शकते; मात्र प्रस्ताव अधिसूचनेच्या कसोटीवर तपासण्याची जबाबदारीही तिच्यावरच टाकलेली आहे. गावी ही तपासणी कोणी करायची हे कोणालाच सांगता आले नाही, आणि नकाशाही दप्तरात नव्हता. अधिकार दिले, साधने दिली नाहीत, ही गोष्ट मला फार खटकते.

येथील सल्लागार बाईंनी किनारा व्यवस्थापन आराखड्याचा 1:4000 प्रमाणाचा नकाशा आणि आमचा गट नकाशा पडद्यावर एकमेकांवर ठेवून दाखवला, तेव्हा भरतीरेषेपासूनची 200 मीटरची ना-विकास हद्द (जिच्या आत नवे घर बांधता येत नाही) विहिरीला वळसा घालून थेट नियोजित ओसरीतून जात असल्याचे दिसले. गावाची लोकसंख्येची घनता 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा कमी असल्याने ही हद्द 50 मीटरवर येण्याची सवलत आम्हाला मिळणार नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. घर बांधकामाच्या आराखड्यातच मागे सरकवले.

एक तक्रार आहे. अहवाल इंग्रजीत असतो; तो वाचून ज्या सरपंचांना आणि ग्रामसेवकांना निर्णय घ्यायचा, त्यांच्यासाठी मराठी प्रत मूळ शुल्कातच मिळायला हवी. आम्हाला ती वेगळे पैसे भरून घ्यावी लागली.